मशेरीच्या डबीविषयी

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या महिला बचत गटांना खुले पत्र

ताई, वहिनी, मावशी आणि आज्यांनो,



मी दातांची डॉक्टर आहे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते, कारण भाजी विकणं, बी-बियाणं घेणं आणि दुखरी दाढ दाखवणं हे सगळं एकाच खेपेत उरकायचं असतं. तुमच्यासारख्या पुष्कळ जणी त्या खुर्चीत बसून गेल्या आहेत. असली पत्रं आमदारांना किंवा आरोग्यमंत्र्यांना लिहायची पद्धत आहे. मी ते तुम्हाला लिहिते आहे, कारण मशेरी सोडवण्याच्या या कामात मंत्र्यांच्या हाताला लागेल असं फार थोडं आहे. जे आहे ते जवळजवळ सगळं तुमच्याच कनवटीला आहे.

खुर्चीत बसलेल्या बाईला तोंड उघडायला सांगण्याआधी मी तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बघते. नखाच्या कडेला आणि पेराच्या रेषांत काळपट डाग मुरलेला असतो. भांडी घासून, धुणं धुऊन तळहात पांढरे पडलेले असतात, पण बोटावरचा तो डाग हलत नाही. तरी विचारायचं म्हणून विचारते, "तंबाखू खाता का?" उत्तर ठरलेलं. "न्हाई बाई, असलं काय न्हाई आमच्यात." ती खोटं बोलत नसते. तंबाखू म्हणजे नवऱ्याच्या खिशातली पुडी, चुन्याची डबी, गालात धरलेला बार आणि भिंतीवरची पिचकारी. तिचा त्याच्याशी काय संबंध? मग मी विचारते, "आणि मशेरी?" की पदर तोंडाला लावून हसते. "ती व्हय? ती लावते की. दात घासायला." किती वेळा? सकाळी उठल्यावर. दुपारी जेवण झाल्यावर. रानातनं आल्यावर. आणि निजताना, "त्याबिगर डोळा लागत न्हाई."

दिवसातून चार वेळा दात घासणारी माणसं मी आमच्या डॉक्टरांच्या परिषदेतसुद्धा पाहिलेली नाहीत.

मशेरी कशी होते हे तुम्हाला मी काय सांगणार, पण ज्या सुनांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. भाकरीचा नव्हे, वेगळा ठेवलेला जुना लोखंडी तवा घ्यायचा. त्यावर बाजारातून आणलेली तंबाखू पसरायची आणि खाली जाळ घालायचा. थोड्याच वेळात असा ठसका सुटतो की पोरं अंगणात पळतात, म्हातारा ओसरीवरून शिव्या घालतो आणि भिंतीपलीकडून शेजारीण खोकत खोकत विचारते, "आज भाजायला काढली वाटतं?" भाजणारी नाकातोंडाला पदर गुंडाळून उलथन्यानं हलवत राहते. पान काळं ठिक्कर पडलं की तवा उतरवायचा, गार झाल्यावर हातानं चुरायचं, फडक्यातून गाळायचं आणि डबीत भरायचं. जिचा नुसता धूर माणसांना घरात टिकू देत नाही, तीच गार झाली की आपण हिरडीला चोळतो.

भाजल्यावर तंबाखूतलं वाईट जळून जातं, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं होत नाही. निकोटीन उरतंच. ते उरलं नसतं, तर दुपारी डबीची आठवण कशाला झाली असती? उलट पान जळताना त्यात बेन्झोपायरीनसारखी द्रव्यं वाढतात, म्हणजे विडीच्या धुरात जी असतात तीच. धूर न ओढताही ती तोंडात येतात आणि हिरडीच्या ओल्या, पातळ कातडीतून आत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली छापलेल्या अहवालात बिनधुराच्या तंबाखूत २८ कर्करोगकारक द्रव्यं असल्याची नोंद केली आहे. चघळायची, चोळायची, दाढेत धरायची असा फरक त्या द्रव्यांना कळत नाही.

आता सरकारचं बघू. सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. १९९२ साली केंद्र सरकारनं तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि टूथपेस्टवर बंदी आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९७ साली न्यायालयानंही ती बंदी कायम ठेवली. २०१२ साली महाराष्ट्रानं गुटखा बंद केला. २०१६ पासून तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं भरलेला असतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत टपरी चालत नाही. (चालते, पण कायद्यानं चालत नाही.) हे सगळं कारखान्याला, दुकानाला आणि पुडीला लागू आहे. तुमच्या तव्याला कुठला कायदा लागू करणार? आठवडा बाजारात तंबाखू सुटी मिळते, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून. त्या कागदावर चित्र असलंच तर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं असतं. तंबाखूचं दंतमंजन विकायला बंदी आहे, पण घरच्या चुलीवर ते करायला कोण अडवणार, आणि अडवायला घरात कोण शिरणार?

आरोग्य खात्याच्या नजरेतूनही तुम्ही निसटता. आशाताई घरी येऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा फॉर्म भरतात. त्यातला तंबाखूचा प्रश्न विडी-सिगारेट ओढता का, गुटखा-खैनी खाता का, अशा धर्तीचा असतो. तुम्ही खरेपणानं "नाही" म्हणता, आशाताई "नाही" वर खूण करतात आणि पुढच्या घरी जातात. कधी कधी आशाताईंच्याच पिशवीत डबी असते, हेही आपण आपापसात बोलायला हरकत नाही. तरी आकडा लपत नाही. २०१६-१७ मध्ये देशभर तंबाखूची जी मोठी सरकारी पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रात धूर ओढणाऱ्या बायका शंभरात दीडही भरल्या नाहीत, पण बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या साडेसोळा निघाल्या. म्हणजे दर सहा बायकांत एक. तुमच्या गटात बारा जणी असतील तर हिशोबानं दोघी. आमच्या भागातल्या काही गटांत मात्र हिशोब उलटा लावावा लागेल, न लावणाऱ्या दोघी शोधाव्या लागतील.

कोणी म्हणेल, सरकारनं तंबाखूच बंद करावी. म्हणायला सोपं आहे. निपाणीच्या बाजूला तंबाखूवर पिढ्यान्‌पिढ्या संसार उभे आहेत, वखारीत तंबाखूच्या धुळीत काम करून बायकांनी पोरं शिकवली आहेत. तो प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. तोपर्यंत हिरडी कोणाची, तर आपली.

तुम्ही मशेरी का लावता, हे मला ठाऊक नाही असं समजू नका. कोणी चवीसाठी लावत नाही, ती कडूच असते. पहिलं बोट बहुतेकींचं घरातच लागलेलं असतं. आईची नाहीतर सासूची डबी, दुखणारी दाढ, पहिल्या खेपेच्या ओकाऱ्या. "लाव जरा, बरं वाटंल," असं कुणीतरी मायेनंच सांगितलेलं असतं. पुढं पोट साफ व्हायला ती लागते. घरात संडास नव्हते तेव्हा उजाडायच्या आत बाहेर जाऊन मोकळं होणं ही बाईची केवढी मोठी गरज होती, हे पुरुषाला सांगून कळणार नाही. मशेरी लावली की पोट वेळेवर हलायचं. खुरपणीला गेल्यावर भूक मारायलाही तीच कामाला यायची, कारण निकोटीन भूक दाबतं. आणि आणखी एक कारण आहे, जे तुम्ही कधी सांगत नाही पण मला दिसतं. पहाटे न्हाणीच्या दगडावर बसून बाई मशेरी लावत असते, तेवढा वेळ तिला कोणी हाक मारत नाही. तोंड भरलेलं असतं, बोलता येत नाही, म्हणून कोणी कामही सांगत नाही. अख्ख्या दिवसात फक्त तिची अशी तेवढीच पंधरा-वीस मिनिटं.

ती मिनिटं सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. दगडावर बसा, झुंजुमुंजू होताना बघा, वाटल्यास तोंडात नुसतं पाणी धरून बसा आणि हाक आली तर मान हलवा. सोडायची आहे ती डबी.

पैसे वाचतील असंही सांगणार नाही. घरी भाजलेल्या मशेरीला महिन्याला खर्च तो किती? नवऱ्याच्या पुड्यांपुढं तो काहीच नाही, आणि तुमचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का असतो. खर्च वेगळीकडे निघतो. आधी हिरडी खाली सरकते, दातांची मुळं उघडी पडतात, गार पाणी लागतं, दात हलायला लागतात. "मशेरीनं दात घट्ट होतात," असं म्हणणाऱ्या आज्यांचे मी किती दात काढले असतील! मशेरीनं हिरडी जराशी बधिर होते, म्हणून दुखायचं थांबतं, पण आतली कीड चालूच राहते.

लेकी-सुनांचं तर जास्त बोलायला हवं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्याच होत्या. त्यांची बाळं इतर बायकांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावर जन्मतात. त्या काठावर एवढ्याशा वजनानं बाळ आईच्या कुशीत राहणार की काचेच्या पेटीत जाणार, हे ठरतं. सुनेला डिंकाचे लाडू करून घालायचे, लोहाच्या गोळ्या वेळेवर देऊन ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, आणि सकाळी आपलीच डबी तिच्यापुढं करायची, हे बसत नाही एकमेकांत.

आणि कर्करोग. त्याच्या नावानं घाबरवायचं मला आवडत नाही, पण टाळूनही चालणार नाही. तोंडाचा कर्करोग एका रात्रीत येत नाही. बहुतेक वेळा त्याआधी गालाच्या आत, हिरडीवर, ओठाच्या मागं पांढरा चट्टा येतो, पुसला तरी न जाणारा. कधी लालसर, मखमलीसारखा, आणि तो पांढऱ्यापेक्षा वाईट. असे सगळेच चट्टे पुढं कर्करोगात जात नाहीत. मशेरी थांबवल्यावर काही विरूनही जातात. घोटाळा हा की चट्टा दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा बहुधा गळ्यात गाठ आलेली असते, भाकरीचा तुकडा गिळवत नाही, जबडा एका बाजूनं सुजलेला असतो. मग बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये नाहीतर थेट मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलमध्ये. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं, हे खरं आहे. पण महिनोन्‌महिने मुंबईत कुणाच्या आसऱ्याला राहायचं, सोबत कोण थांबणार, म्हशीची धार कोण काढणार, नातवाला शाळेत कोण सोडणार, हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

"आमची आजी मशेरी लावून नव्वद वर्षं जगली," असं मला दर बाजाराला एक तरी जण ऐकवतो. खरं असेल. हायवे न बघता ओलांडूनही माणसं पलीकडे पोचतात. म्हणून आपण नातवंडांना तसं शिकवत नाही. आणि न लावणारीलाही कर्करोग होतो, हेही खरं आहे. मशेरी सोडली म्हणजे यमाशी लेखी करार झाला असं नाही. पण ज्या गोष्टीनं धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे, ती तरी आपल्या हातून होऊ नये.

इथं मला खरं काय म्हणायचं आहे ते सांगते. बाईच्या तब्येतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी हो-नाहीवर अडते. दूध प्यायचं, तर आधी सगळ्यांना पुरायला हवं. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात जायचं, तर गाडी काढायला कोणी हवं. पिशवीचं ऑपरेशन ठरवायचं, तर घरातली चार माणसं बसतात आणि जिची पिशवी ती आत चहा करत असते. "आपल्या आरोग्याची जबाबदारी आपण घ्यावी," असं शहरातले लोक सहज सांगतात, तेव्हा मला म्हणूनच राग येतो. पहाटे चालायला जा म्हणे! खुरपणी करून आलेल्या बाईला चालायला सांगणारा एकदा तिच्याबरोबर वाकून सरी काढून तरी बघू दे. पण मशेरीचं तसं नाही. ती सोडायला नवऱ्याची सही लागत नाही, सासूची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, गाडी लागत नाही. आपल्या शरीराबाबत संपूर्ण आपल्या अखत्यारीतल्या अशा गोष्टी किती आहेत आपल्याकडे? ही एक आहे, आणि तीच आपण डबीत घालून कनवटीला खोचून ठेवली आहे.

तुमच्यातल्या काही गावांनी आडवी बाटली केली आहे. निम्म्याहून जास्त बायकांनी रांग लावून मतदान केलं, दारूचं दुकान उठवलं, धमक्या आल्या तरी हटल्या नाहीत. त्या दिवशी मतदानाच्या रांगेतही किती जणींच्या कनवटीला डबी असेल, असं माझ्या मनात येतं. ही टिंगल नव्हे. दुसऱ्याचं व्यसन दिसतं, कारण ते आपल्याला मारझोड करतं, घर विकायला लावतं. मशेरी कुणाला मारत नाही, घरात तमाशा करत नाही. ती बिचारी गुमान बसून आपलं काम करते.

आता गटाकडे येते. एकटीनं सोडणं अवघड आहे. पण गटात तुम्ही याहून अवघड गोष्टी करून दाखवल्या आहेत. दर महिन्याला ठरल्या दिवशी बचत भरणं, कर्जाचा हप्ता न चुकवणं, नवऱ्यानं मागितले तरी गटाचे पैसे न देणं, याला लागणारी चिकाटी साधी नाही. बचत गटांच्या 'उमेद' अभियानाच्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच. बहुतेक गटांत ते वहीपुरतं उरतं, कारण करायचं काय हे कोणी सांगत नाही. म्हणून मी एक काम सांगते.

पुढच्या सभेत पासबुकं पुढं येण्याआधी सगळ्या जणी अंगणात, उजेडात बसा. हात धुवा. जोडी जोडी करा. मोबाइलची बॅटरी लावा आणि एकमेकींचं तोंड बघा. खालचा ओठ बाहेर ओढून त्याच्या मागची हिरडी आधी बघायची, कारण मशेरीचं बोट तिथंच जास्त फिरतं. मग वरचा ओठ. मग दोन्ही गालांच्या आतली बाजू, पार दाढांच्या मागपर्यंत. जीभ बाहेर काढायला लावून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून तिच्या खालची जागा, शेवटी टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, खडबडीत जागा, गाठ, दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरलेली जखम, यातलं काही दिसलं तर दाखवायला जायचं. आणि शेवटी स्वतःची तीन बोटं उभी जुळवून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तोंड आवळत चाललं आहे. सुपारी खाणाऱ्यांत हे जास्त दिसतं, म्हणून मशेरी सोडून सुपारी धरू नका. सुपारीही कर्करोग करते, तंबाखूशिवायची असली तरी.

हे काम डॉक्टरच करू शकतात असं नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हजारो लोकांची तोंडं अशी तपासली गेली, आणि तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्या कार्यकर्त्यांना रीतसर शिकवलं होतं, तसं तुम्हालाही सरकारी आरोग्य केंद्रातले डॉक्टर शिकवतील. मागून घ्या. कर्ज मागताना लाजत नाही ना बँकेत?

सोडायचं कसं, याविषयी माझं मत जरा वेगळं आहे. देवापुढं शपथ घेऊ नका. शपथ मोडते, आणि मोडली की बाई डबी लपवायला लागते. लपवलेल्या डबीचं कुणालाच काही करता येत नाही. त्यापेक्षा एवढंच ठरवा की नवी तंबाखू भाजायची नाही. तो जुना तवा भंगारवाल्याला घाला. घरातली डबी संपेल तो शेवटचा दिवस. पेरणीच्या किंवा घरच्या लग्नाच्या धांदलीत तो येईल असं करू नका. एकाच वस्तीतल्या दोघीतिघींनी मिळून सोडली तर फार बरं, म्हणजे तलफ आल्यावर जायला दार असतं.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. डोकं दुखतं, विनाकारण राग येतो, सुनेनं पातेलं आपटलं तरी रडू येतं, झोप उडते, पोट कुंथतं. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, ताटात पालेभाजी, नाहीच झालं तर रात्री इसबगोल. तलफ प्रत्येक वेळी थोडी मिनिटंच टिकते. तेवढ्यात भाजलेले जवस, बडीशेप, लवंग, काहीही तोंडात टाका आणि उठून कामाला लागा. दोन-तीन आठवड्यांत बरंच हलकं होतं. फार जुनी सवय असेल तर निकोटीनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा छातीचं दुखणं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ते घेऊ नका. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे. मराठीतही बोलतात. नवऱ्यांनाही तो द्या.

दात घासायला ब्रश. घरात नातवंडांचे रंगीत ब्रश पेल्यात उभे असतात, त्यात आजीचा एक वाढू द्या. मऊ घ्या. सुरुवातीला आजारी हिरड्यांतून रक्त येईल, तेव्हा "बघा, मशेरी सोडली नि हिरड्या बिघडल्या," असं कोणी म्हणेल. बिघडलेल्या त्या आधीच आहेत. आठवडाभर रक्त थांबलं नाही तर दाखवा. राखुंडीकडे वळू नका, ती दात झिजवते. तपकिरीकडे तर मुळीच नाही.

एखादीनं मध्येच पुन्हा बोट लावलं तर तिला दंड करू नका. सभेला उशीर झाला की करता तसा इथं नको. दंडाच्या भीतीनं ती खोटं सांगेल आणि पुढच्या सभेला यायचीच बंद होईल. पुष्कळ जणींची मशेरी एका फटक्यात सुटत नाही, दोन-तीन खेपा लागतात. इतिवृत्ताच्या वहीत फक्त एवढं लिहीत चला, की या महिन्यात कितींची तोंडं बघितली, कुणाला पुढं पाठवलं आणि कितींच्या घरी तवा तापला नाही.

दर बुधवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. तालुक्यातल्या कुठल्याही गटानं बोलावलं तर बॅटरी आणि आरसे घेऊन मी येते. येण्याजाण्याचं बघायला नको, एसटी आहे. फक्त सभा उजेडी ठेवा, आणि ज्या जणी "आम्ही न्हाई बाई तंबाखू खात" म्हणून घरी बसतील, त्यांना आधी बोलावून आणा.

तुमची,
तालुक्याच्या गावातली एक दातांची डॉक्टर